बॅटरी नवी, तरी सेल्फ घेत नाही : स्कूटरचं दुखणं नेमकं कुठे शोधायचं?

सांजवेळ
नमस्कार मंडळी. स्कूटरच्या सेल्फचं दुखणं काही केल्या जात नाहीये म्हणून धागा काढतेय. गाडी जुनी आहे, कार्बोरेटरवाली, किक आणि सेल्फ दोन्ही आहे. लक्षणं अशी: सकाळी बटण दाबलं की सीटखालून नुसता 'टक्' असा आवाज येतो, इंजिन फिरत नाही. परत दाबलं की कधी फिरतं, कधी नाही. अधूनमधून तर टक् सुद्धा नाही, एकदम शांत. किक मारली की मात्र लगेच सुरू. आणि एकदा सुरू होऊन चांगली लांब फिरून आली की मग दिवसभर सेल्फ बऱ्यापैकी घेते.

गॅरेजवाल्यानं बॅटरी गेलीय म्हणून सांगितलं, अलीकडेच नवी टाकली. थोडे दिवस बरं चाललं आणि परत तेच. आता तो म्हणतोय सेल्फची मोटर बदला. मोटर झाली की रिले म्हणेल, मग वायरिंग म्हणेल. असं एकेक पार्ट बदलत बसण्यापेक्षा नेमकं काय बिघडलंय ते घरी शोधता येतं का? साधा डिजिटल मल्टिमीटर आहे माझ्याकडे आणि तो वापरता येतो. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

नवाखेळाडू
वाचतोय. माझ्याही गाडीचं सेल्फचंच आहे काहीतरी, पण आधी तुमचं होऊ दे.

किकप्रेमी
किक आहे ना? मारा आणि निघा. सेल्फ म्हणजे लाड आहेत हो सगळे :)

सांजवेळ
@किकप्रेमी, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी किक मारायला सक्त मनाई केलीय. सध्या दर वेळी शेजारच्या कुणालातरी हाक मारावी लागते.

किकप्रेमी
अरे बापरे, मग बरोबर आहे तुमचं. काळजी घ्या गुडघ्याची. सेल्फ व्हायलाच पाहिजे.

मुशाफिर
कार्बन (मोटरच्या आतले झिजणारे ब्रश) गेलेत सेल्फ मोटरचे. डोळे झाकून सांगतो.

पाना_दहा
डोळे उघडून सांगू या की :) मी हेच काम करतो, रोज दोन-तीन गाड्या याच तक्रारीच्या येतात. बटण दाबल्यावर काय ऐकू येतं त्यावरून अर्धं निदान होतं.

टकटकटकटक असा सलग आवाज आला तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते. रिले (बटणाच्या छोट्या करंटवर मोटरचा मोठा करंट जोडणारा स्विच) ओढला जातो, मोटरला करंट जायला लागला की व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो, व्होल्टेज परत चढतं, परत ओढला जातो, असं चालू राहतं.

एकच ठसठशीत 'टक्' आणि पुढे काही नाही, म्हणजे रिले ओढतोय पण जाड वायरींच्या मार्गात किंवा मोटरमध्ये कुठेतरी अडलंय. रिलेचे आतले कॉन्टॅक्ट जळलेत, केबल सैल आहे, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिनला किंवा चेसीला असलेली जोडणी) खराब आहे किंवा कार्बन संपलेत.

आवाजच नाही म्हणजे रिलेच्या कॉइलपर्यंत सप्लाय पोचत नाहीये. फ्यूज, चावीचं लॉक, ब्रेकचा स्विच, साइड स्टँडचा स्विच असेल तर तो, सेल्फचं बटण, यातलं काहीतरी.

आणि मोटर घुर्र करून फिरतेय पण इंजिन हलत नाही तर ते इलेक्ट्रिकल नाहीच, सेल्फचा क्लच किंवा बेंडिक्स, म्हणजे मोटरचं फिरणं इंजिनला जोडणारा भाग.

ताई, तुमच्या गाडीत 'एक टक्' आणि 'शांत' दोन्ही प्रकार आहेत, तेव्हा दोन वेगळे दोष असण्याची शक्यता धरून चला. मोटर बदलायची घाई नको. पण उघडाल तेव्हा कार्बनची लांबी बघून घ्या, मुशाफिर म्हणतायत ते अगदीच चूक नाही.

तारकसरत
सोप्पा उपाय. रिलेचे दोन जाड टर्मिनल स्क्रू ड्रायव्हरनं शॉर्ट करायचे. मोटर फिरली तर रिले खराब, नाही फिरली तर मोटर खराब. एका मिनिटात निकाल.

शून्य_ओहम
@तारकसरत, हे चालतं, पण दोन अडचणी आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिली सुरक्षिततेची. असं डायरेक्ट केलं की ब्रेक दाबल्याशिवाय इंजिन फिरतं. चावी चालू असेल तर गाडी सुरू होणार, आयडलिंग चढं असेल तर सेंट्रिफ्यूगल क्लच पकडणार आणि गाडी स्टँडवरून उतरलेली असली तर सरळ पुढे जाणार. शिवाय ठिणगी मोठी उडते आणि बऱ्याच स्कूटरमध्ये पेट्रोलची टाकी सीटखालीच असते, बॅटरी-रिलेपासून वीतभर अंतरावर. करायचंच असेल तर मेन स्टँडवर, मागचं चाक अधांतरी, चावी बंद, पेट्रोलचा वास येत नाहीये याची खात्री करून.

दुसरी अडचण निदानाची. मोटर नाही फिरली म्हणजे मोटर खराब हे चूक आहे. अर्थ वायर खराब असेल तरी ती फिरणार नाही. म्हणजे चांगली मोटर काढून टाकाल आणि दोष तिथेच राहील.

सांजवेळ ताईंकडे मीटर आहे तर पेचकस कशाला? सविस्तर लिहितो थोड्या वेळानं.

तारकसरत
मान्य. पेट्रोलचं लक्षात नव्हतं आलं. लिहा सविस्तर.

शून्य_ओहम
हं, आता निवांत.

बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावून १२.६ दिसलं की लोक म्हणतात बॅटरी ठणठणीत. पण ते नुसतं बसलेल्या बॅटरीचं व्होल्टेज आहे. टाकीत पाणी वरपर्यंत आहे एवढंच त्यावरून कळतं, नळाच्या पाइपात गाळ साचलाय का ते नळ उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून मोजायचं ते बटण दाबून धरलेलं असताना.

पहिली मोजणी. मीटर डीसी २० व्होल्टवर. काळी आणि लाल टोकं बॅटरीच्या शिशाच्या खांबावर टेकवायची, नटबोल्टवर किंवा केबलच्या थिंबलवर (वायरच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं कडं) नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण खांब आणि थिंबल यांच्यामध्येच गंज असला तर थिंबलवर टेकवून तो सापडणारच नाही. आधी स्थिर आकडा लिहून घ्या. पूर्ण चार्ज असेल तर साधारण १२.६ ते १२.८. मग ब्रेक दाबून बटण दोन-तीन सेकंद दाबा आणि आकडा बघा. इंजिन फिरत असताना साडेनऊ-दहाच्या खाली जाता कामा नये. सात-आठवर आला तर बॅटरी उतरलीय किंवा आतून संपलीय.

आता गंमत. इंजिन फिरत नाहीये, टक् आवाज येतोय, आणि तरीही बॅटरीवर साडेअकरा-बारा व्होल्ट टिकून आहेत, असं दिसलं तर बॅटरीला दोष देऊ नका. व्होल्टेज पडलं नाही म्हणजे बॅटरीतून फारसा करंट ओढलाच गेला नाही. वाट कुठेतरी अडलीय.

दुसरी मोजणी, अडथळा निगेटिव्ह बाजूला आहे का. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या अॅल्युमिनियमवर, रंग नसलेल्या जागी, जमलं तर सेल्फ मोटरच्या बॉडीवरच. बटण दाबा. चांगली अर्थ असेल तर ०.२-०.३ व्होल्टच्या वर काही दिसता कामा नये. अर्धा व्होल्ट दिसला तरी तिथे साफसफाई हवी.

तिसरी, पॉझिटिव्ह बाजू. एक टोक पॉझिटिव्ह खांबावर, दुसरं मोटरच्या जाड केबलच्या बोल्टवर. बटण दाबायच्या आधी इथे बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज दिसेल, घाबरू नका, रिले उघडा आहे म्हणून. बटण दाबल्यावर अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं. जास्त राहिलं तर तेच मोजमाप रिलेच्या दोन जाड टर्मिनलवर घ्या, दोष रिलेत आहे की केबलमध्ये ते लगेच कळतं.

चौथी, गाडी सुरू करून थोडं रेस केल्यावर बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदा दिसतंय का. नसेल तर चार्जिंगचा प्रश्न, म्हणजे रेग्युलेटर किंवा स्टेटर.

एक कळकळीची सूचना: मीटर अँपिअरवर लावून सेल्फचा करंट मोजायला जाऊ नका. मीटरची सोय १० अँपिअरपर्यंत असते, सेल्फ सुरुवातीला त्याच्या कितीतरी पट ओढतो. मीटरचा फ्यूज तरी जाईल नाहीतर मीटरच. आणि बटण एका दमात पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, मधे मोटरला थंड व्हायला वेळ द्या.

नवाखेळाडू
वाचनखूण साठवली. 'करंट ओढलाच गेला नाही म्हणून व्होल्टेज पडलं नाही' हे आज पहिल्यांदा डोक्यात शिरलं.

निळाई
माझा प्रश्न जरा वेगळा आहे पण विषय तोच म्हणून इथेच विचारते. माझी गाडी इंजेक्शनवाली, किकच नाही. बटण दाबलं की गाडीच्या मीटरचा डिस्प्ले क्षणभर काळा होतो, घड्याळ परत शून्यावर येतं आणि इंजिन काही फिरत नाही. आणि हो, 'टक्' आवाज माझ्या गाडीत कधीच येत नाही, चांगली असतानाही नाही. मग रिले कुठे शोधू?

पाना_दहा
निळाई, तुमच्या गाडीत बहुधा वेगळी सेल्फ मोटरच नसेल. नव्या बऱ्याच स्कूटरमध्ये जो जनरेटर बॅटरी चार्ज करतो त्यालाच सुरू करताना मोटर म्हणून फिरवतात, कंट्रोलरमधून. म्हणून गिअरचा घरघराटही नाही आणि टक् नाही, इंजिन गुपचूप सुरू होतं. तिथे तो स्क्रू ड्रायव्हरचा प्रयोग अजिबात करू नका, शॉर्ट करायला रिले तसा नसतोच आणि कंट्रोलर गेला तर महागात पडेल.

डिस्प्ले काळा होणं, घड्याळ रिसेट होणं म्हणजे बटण दाबल्यावर व्होल्टेज खूपच खाली जातंय. आधी बॅटरीचे टर्मिनल घट्ट करा, मग वर शून्य_ओहम यांनी दिलेली पहिली मोजणी करा. इंजेक्शनच्या गाडीत आणखी एक खूण: चावी फिरवल्यावर टाकीकडून दोन-तीन सेकंद 'झूं' असा पंपाचा आवाज यायला हवा. तो नेहमीपेक्षा मरगळलेला येत असेल तर बॅटरी कमी आहे.

निळाई
टर्मिनल चेक करते. आणि किक नाही तर धक्का मारून सुरू होते का हो?

किकप्रेमी
धक्का मारून व्यायाम होईल फक्त. गिअरच्या गाडीत चाकाकडून इंजिन फिरवता येतं, स्कूटरमध्ये बेल्टच्या पुढे सेंट्रिफ्यूगल क्लच असतो, तो इंजिन फिरलं की पकडतो. चाक कितीही ढकला, क्लच सुटलेलाच राहणार, इंजिनला पत्ताच लागत नाही. आणि इंजेक्शनची गाडी असेल तर पंप, ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर), ठिणगी सगळंच बॅटरीवर. म्हणून म्हणतो किक हवीच!

शून्य_ओहम
किकप्रेमी, यात एक बारीक मुद्दा जोडतो. किक असली तरी सगळ्या गाड्या मेलेल्या बॅटरीवर सुरू होत नाहीत. काही सीडीआय (प्लगला ठिणगी देणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) थेट जनरेटरच्या कॉइलवर चालतात, तिथे बॅटरी काढून ठेवली तरी किकनं ठिणगी पडते. काही सीडीआय मात्र बॅटरीच्या डीसीवर चालतात, तिथे बॅटरी अगदीच झोपली की किक मारून पाय दुखेल फक्त. सांजवेळ ताईंची गाडी किकनं लगेच सुरू होते यावरून एवढंच म्हणता येईल की प्लग, कॉइल, सीडीआय आणि पेट्रोल हा सगळा भाग ठीक आहे. तिकडे हात लावायची गरज नाही.

जुनीपानं
थोडं अवांतर. किक विरुद्ध सेल्फ हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. मोटारींना पूर्वी पुढून हँडल मारायला लागायचं आणि इंजिनानं उलटा झटका दिला की लोकांची मनगटं, हात मोडायचे. चार्ल्स केटरिंग यांनी इलेक्ट्रिक स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये तो बसवलेला आला. आणि ज्या शिसे-आम्लाच्या बॅटरीवर आपण आज बोलतोय ती गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये केली होती. म्हणजे बॅटरी आधीची आणि सेल्फ तिच्यानंतर पन्नासेक वर्षांनी. अवांतराबद्दल क्षमस्व, पण गुडघ्याचं ऑपरेशन वाचून आठवलं. ज्यांना किक मारणं शक्य नाही त्यांच्यासाठी सेल्फ ही चैन नाहीच.

किकप्रेमी
@जुनीपानं, छान माहिती. माझे शब्द मागे.

गारवा
'एकदम शांत' या लक्षणाबद्दल लिहिते. स्कूटरमध्ये ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही हे माहीत असतंच सगळ्यांना, पण तो संदेश जातो कसा? ब्रेकच्या लिव्हरच्या बुडाशी एक चिमुकला स्विच असतो, मागचा ब्रेकलाइट लावणारा. बहुतेक गाड्यांमध्ये सेल्फचा सप्लाय त्याच स्विचमधून पुढे जातो. त्यात धूळ, पाणी गेलं की आतली पत्र्याची पट्टी टेकत नाही.

मीटरही नको यासाठी. चावी चालू करा, मागे भिंत असेल अशी गाडी लावा, डावी लिव्हर दाबा, भिंतीवर लाल उजेड पडतो का बघा. मग उजवी. एका लिव्हरनं उजेड पडतो आणि दुसरीनं नाही असं झालं तर सापडला चोर. माझ्या गाडीत डाव्या लिव्हरनं सेल्फ मेलेला आणि उजव्या लिव्हरनं अगदी झकास लागायचा, आणि गॅरेजमध्ये मात्र चावीचं लॉक बदलायचं चाललं होतं.

मुशाफिर
हे भारी आहे गारवा. पण ब्रेकलाइटचा बल्बच गेलेला असेल तर?

गारवा
म्हणून दोन्ही लिव्हर दाबून बघायच्या. दोन्हींनी पेटला नाही तर आधी बल्ब बघायचा.

तारकसरत
फ्यूजचं पण लिहा कुणीतरी. नुसता बघून चांगला दिसणारा फ्यूज आतून तुटलेला मी स्वतः पाहिलाय.

शून्य_ओहम
बरोबर. फ्यूजच्या तारेला केसाएवढी चीर असते, थंडीत टेकलेली, गरम झाली की सुटलेली. डोळ्यांना दिसत नाही. काढून मीटरच्या बीपवर (वाट अखंड असेल तर वाजतं) बघा, जरा हलवून बघा. आणि गेलेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा किंवा चांदीचा कागद गुंडाळून लावू नका, मग फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

अशा पातळ वायरींच्या सर्किटमध्ये मी मीटरपेक्षा टेस्ट लॅम्पवर जास्त विश्वास ठेवतो. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, त्याला दोन वायरी, झालं. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. वायरचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर बारा व्होल्ट दाखवून मोकळं होतं, कारण मीटर काही ओढतच नाही. बल्ब मात्र मिणमिणतो आणि खरं सांगतो. फक्त ईसीयू, सेन्सरच्या वायरींवर हा बल्ब लावू नका, आणि एकदा पेटवून झाला की हात लावायच्या आधी थांबा, तापतो चांगलाच.

सांजवेळ
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी गाडीला हात लावायच्या आधीच मोजलं. भाच्यानं बटण दाबलं, मी मीटर धरला.

बॅटरी स्थिर: १२.३८.
बटण दाबल्यावर, टक् आवाज, इंजिन ढिम्म: बॅटरीवर ११.८.
निगेटिव्ह खांब ते इंजिन: आकडा स्थिर राहत नव्हता, चार ते सहाच्या मधे उड्या मारत होता!
पॉझिटिव्ह बाजू: ०.२ च्या आसपास.

शून्य_ओहम, तुम्ही ०.३ म्हणाला होतात. मी मीटर चुकीचा धरला की काय म्हणून परत परत बघितलं, तसंच.

शून्य_ओहम
मीटर बरोबर धरलाय तुम्ही. सापडलं! बॅटरीतल्या बारापैकी चार-सहा व्होल्ट अर्थच्या जोडातच खर्च होतायत, मोटरला उरतंय अर्धंमुर्धं. मोटर, रिले, पॉझिटिव्ह केबल या तिघांनाही तूर्त सोडून द्या.

बॅटरीच्या निगेटिव्हची जाड वायर कुठे जाते ते हातानं चाचपत जा. इंजिनला किंवा चेसीला बोल्ट केलेली असेल. आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा, मग बाकी हात लावा. तो बोल्ट काढून थिंबल, बोल्ट आणि खालची बसण्याची जागा तिन्ही पॉलिश पेपरनं चकचकीत करा. थिंबलच्या गळ्याशी वायर वाकवून बघा, रबराच्या आत तांबं हिरवं पडलं असेल तर नुसतं घासून भागणार नाही, थिंबल कापून नवं दाबून घ्यावं लागेल. शेवटी घट्ट आवळा आणि वरून थोडं ग्रीस.

पाना_दहा
आणि हे लांबवू नका ताई. इंजिनची अर्थ खराब झाली की करंट परतीची दुसरी वाट शोधतो. हार्नेसमधली (गाडीभर फिरणारा वायरींचा जुडगा) पातळ अर्थ वायर, नाहीतर चक्क अॅक्सिलरेटरची नाहीतर ब्रेकची केबल. सेल्फ मारल्यावर केबल गरम लागते, आतलं प्लास्टिक वितळून केबल जाम झालेली गाडी आलीय माझ्याकडे. अॅक्सिलरेटर जाम होणं म्हणजे खेळ नाही.

मुशाफिर
एक शंका. अर्थच एवढी खराब होती तर रिले 'टक्' कसा करत होता? त्यालाही अर्थ लागतेच ना?

पाना_दहा
चांगला प्रश्न. रिलेच्या कॉइलची अर्थ इंजिनमधून जात नाही, हार्नेसच्या पातळ वायरनं वेगळी बॅटरीला जाते. शिवाय कॉइलला लागतात दोन-चार अँपिअर, तेवढे खराब जोडातूनही निघून जातात. म्हणून आवाज ठणठणीत आणि मोटर मुकी.

सांजवेळ
झालं काम! वायर इंजिनला जिथे बोल्ट केलीय तिथे मागच्या चाकाचा चिखल साचून घट्ट झालेला. बोल्ट सुटताना कुरकुरला. थिंबलखाली पांढरी भुकटी आणि तिच्याखाली काळा थर, धातू दिसतच नव्हता. गळ्याशी तांबं मात्र लाल, चांगलं होतं, म्हणून थिंबल तेच ठेवलं. घासून, आवळून परत मोजलं: निगेटिव्ह खांब ते इंजिन ०.१२. आणि सेल्फ असा मारतोय की बटण दाबेपर्यंत गाडी सुरू.

पण एक गोष्ट कळली नाही. आता सेल्फ मारताना बॅटरीवर १०.६ दिसतंय. आधी ११.८ होतं. दुरुस्तीनंतर आकडा खाली कसा आला? काही बिघडवलं का मी?

शून्य_ओहम
काहीच बिघडवलं नाहीत, उलट हाच पुरावा आहे दुरुस्ती झाल्याचा. आधी वाट अडलेली, करंट कमी, म्हणून बॅटरी निवांत ११.८ वर. आता मोटरला हवा तेवढा करंट मिळतोय, बॅटरी खरं काम करतेय, म्हणून १०.६. दहाच्या वर आहे, उत्तम.

मला खटकतंय ते सकाळचं १२.३८. नवी बॅटरी रात्रभर उभी राहून एवढी खाली का? रेस केल्यावर चार्जिंग किती दिसतंय? आणि गाडीला बाहेरून काही जोडलंय का, अलार्म, ट्रॅकर, मोबाइल चार्जर वगैरे?

सांजवेळ
चार्जिंग १४.१. आणि हो, हँडलला मोबाइल चार्जरचं सॉकेट बसवून घेतलंय. त्याचा निळा दिवा सतत चालू असतो, चावी काढली तरी.

गारवा
तो निळा दिवाच खातोय बॅटरी!

शून्य_ओहम
दिवा कमी, त्यामागचं सर्किट जास्त. मोजून बघा. चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून तिच्यात आणि खांबात मीटर सिरीजमध्ये, आधी १० अँपिअरच्या सॉकेटवर, आकडा छोटा आहे असं दिसलं की मगच मिलीअँपिअरवर. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवायची नाही की सेल्फ दाबायचा नाही.

सांजवेळ
२२ मिलीअँपिअर. सॉकेटचा कपलर काढला की शून्य.

शून्य_ओहम
तुमची बॅटरी ४ अँपिअर-अवरची असेल बहुतेक. ४००० भागिले २२ म्हणजे १८२ तास, साडेसात दिवसांत पूर्ण रिकामी. सेल्फ तर अर्ध्या वाटेतच नाही म्हणणार. गुडघ्यामुळे गाडी सध्या उभीच असते ना जास्त वेळ? म्हणून जुनी बॅटरीही त्यानंच मेली असावी, कारण शिसे-आम्लाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि मग ती पूर्ण चार्ज घेतच नाही. सॉकेटचा सप्लाय बॅटरीवरून थेट न घेता चावीनंतरच्या वायरवरून घ्या, मधे छोटा फ्यूज टाकून. आणि बॅटरी एकदा बाहेर काढून नीट चार्ज करा, पण कारचा मोठा चार्जर नको, ०.४-०.५ अँपिअर देणारा छोटा हवा.

निळाई
माझी बातमी: टर्मिनलचा बोल्ट हातानं फिरत होता! आवळला, डिस्प्ले आता काळा होत नाही, गाडी सुरू होतेय. बटण दाबल्यावर ९.७ दिसलं.

पाना_दहा
काठावर आहे निळाई. पूर्ण चार्ज करून परत मोजा, तरी तेवढंच आलं तर थंडीच्या आधी बॅटरी बदलून टाका. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते आणि तेल घट्ट झाल्यानं इंजिन जड फिरतं, दोन्ही एकदम अंगावर येतं. किक नाही तुमच्याकडे.

सांजवेळ
आज संध्याकाळी ते 'एकदम शांत' वालं परत झालं. गारवा यांचं आठवलं, तशीच डावी लिव्हर दाबून ठेवून मागे वाकून बघितलं, ब्रेकलाइट बंद. उजवी दाबली, लाइट लागला आणि सेल्फही. आता तो स्विच उघडून साफ करायचा की सरळ नवा टाकायचा?

गारवा
कपलर काढून स्विचच्या दोन टोकांवर मीटरचं बीप लावून बघा आधी. लिव्हर पन्नास वेळा दाबा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून परत बघा. मधेच बीप गेलं तर नवा टाका. सुटा मिळतो, पूर्ण लिव्हर असेंब्ली घ्यायची गरज नसते. तोवर उजव्या लिव्हरनं सुरू करा.

सांजवेळ
ठीक, उद्या करते. आज शेजारी कुणाला हाक मारली नाही, स्वतःच गाडी काढून फेरी मारून आले. फार बरं वाटलं. सगळ्यांना मनापासून धन्यवाद.

नवाखेळाडू
मस्त झालं ताई! आता माझं विचारू का? माझ्या गाडीत बटण दाबलं की मोटर जोरात घुर्र फिरते पण इंजिन हलत नाही, दोन-चारदा दाबल्यावर मधेच पकडते. बॅटरी १२.७, दाबल्यावर ११.५.

पाना_दहा
मोटर मोकळी फिरतेय म्हणून ११.५, लोडच येत नाहीये. सेल्फचा वन-वे क्लच झिजलाय, रोलर घसरतायत. तेल कोणत्या ग्रेडचं आहे आणि शेवटचं कधी बदललं ते सांगा, आणि वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.